एक राजमा कमी

बँकेत ३१ वर्षं रोकड मोजली. संध्याकाळी एक रुपया जुळला नाही तर घरी जायचं नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. त्यामुळे निवृत्तीनंतर सूनबाईंनी मला नातीच्या ‘सेन्सरी प्ले’चा कारभार दिला, तेव्हा वाटलं, ट्रे मांडायचा आणि ट्रे उचलायचा, यात अवघड ते काय?

मनू साडेतीन वर्षांची. तिच्या हातांना, नाकाला, कानांना रोज काहीतरी नवं मिळालं पाहिजे, असा दंडक. सून ऑफिसला जाताना फ्रिजवर यादी चिकटवते. सोमवारी रंगीत तांदूळ होते. वाटीभर तांदूळ, चमचाभर व्हिनेगर आणि खायचा निळा रंग पिशवीत घालून हलवायचं आणि वर्तमानपत्रावर वाळवायचं. खेळ पंधरा मिनिटं चालला. मग आमची ही सूप घेऊन आली. “अहो, अन्न असं टाकतात का?” म्हणत तिने ते निळे तांदूळ पाखडले, निवडले आणि डब्यात भरले. डबा अजून मांडणीवर आहे. त्याचं काय करायचं हा विषय घरात कोणी काढत नाही.

मंगळवारी कॉर्नफ्लॉवर. दोन वाट्या पीठ, एक वाटी पाणी. हा प्रकार मात्र मला मनापासून आवडला. बोट हळूच घातलं तर ते दह्यात जावं तसं आत जातं. बुक्की मारली की दगड. झटका बसला की पिठाच्या कणांना बाजूला सरकायला वेळच मिळत नाही, ते एकमेकांना अडकून बसतात. आमचे एक साहेब असेच होते. गोडीने गेलात तर सही मिळायची, टेबलावर हात आपटलात तर फाईल महिनाभर हलायची नाही. मनू कंटाळून निघून गेली तरी मी अर्धा तास साहेबांना बुक्क्या मारत होतो. नंतर सगळं बेसिनमध्ये ओतलं. पीठ पाइपात जाऊन बसलं आणि प्लंबरने साडेतीनशे घेतले.

आता बुधवार. बुधवार मी स्वतः ओढवून घेतला. मी तीन वर्षं डहाणूला होतो, कोसबाडची टेकडी पाहिलेली आहे. सुनेला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “अगं, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? त्यांनी शिंपले, खडे, पानं, बिया यांवर मुलं शिकवली.” हेतू एवढाच, की व्हिनेगरचा खर्च वाचावा. दुसऱ्या दिवशी यादीत शब्द होता: बिया.

बिया म्हणजे राजमा, कारण तो आमच्याकडे कोणी खात नाही. परातीत रवा घ्यायचा, त्यात राजमा पुरायचा आणि मुलाने डोळे मिटून चाचपून काढायचा. मी २४ दाणे मोजले, वहीत लिहिले. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात वॉचमनने बेल वाजवली, मी दोन मिनिटं दारात गेलो. आलो तर रवा हॉलभर, मनू परातीत बसलेली. मोजले. २३.

पुन्हा मोजले. रवा चाळला. सतरंजी झटकली. २३.

“मनू, राजमा कुठे गेला? नाकात घातलास?”

“हो.”

“कानात?”

“हो.”

“गिळलास?”

“हो.”

“आजीच्या नाकात घातलास?”

जरा विचार करून, “हो.”

साक्षीदार असा असल्यावर तपास कसला करणार! मी टॉर्च घेतला, ही चिमटा घेऊन आली. फोनवर सून ओरडली, “आई, चिमटा नको! दाणा आत सरकेल. आणि बाबा, नाकात पाणीबिणी घालू नका, तो फुगेल!” तासाभरात आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपुढे होतो.

ते शांत माणूस. म्हणाले, असे रोज येतात, कडधान्यं, मणी, खोडरबर. दाणा पुढेच असेल तर एक घरगुती वाटावा असा उपाय आहे. आईने मुलाच्या तोंडावर तोंड घट्ट टेकवायचं, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करायची आणि जोरात फुंकर मारायची. दाणा बाहेर उडतो. डॉक्टरही तो सुचवतात, ‘आईचा पापा’ अशा अर्थाचं इंग्रजी नावही आहे त्याला. मग त्यांनी दिवा लावून दोन्ही नाकपुड्या, दोन्ही कान, घसा पाहिला. आत शेंबडाशिवाय काही नव्हतं. फी आठशे. हिने रिक्षात हिशेब केला, “आठशे रुपयांत किती किलो राजमा आला असता?” मी म्हटलं, आपण खात नाही.

रात्री वहीत लिहिलं: ‘तूट १’. झोप नीट लागली नाही. पुढचे दोन दिवस मनूच्या पॉटीकडे ज्या बारकाईने पाहिलं, त्या बारकाईने मी कधी खोट्या नोटाही पाहिल्या नसतील. मनूला हा तपास फार आवडला. तिच्या दृष्टीने आठवड्यातला सर्वात चांगला खेळ हाच.

नंतर आठवडाभर पावसाने फिरणं बंद होतं. काल उघडीप पडली म्हणून बूट काढले. डाव्या बुटात पाय घातला, अंगठ्याला काहीतरी टोचलं. बूट उपडा केला. राजमा! ही देवापुढे साखर ठेवायला धावली. मी विजयाने बूट आणखी एकदा आपटला.

आणखी एक पडला.

२३ आणि २, म्हणजे २५. रोकड कमी आली तर माणूस खिशातून भरून मोकळा होतो. जास्त आली की मुळात मोजणीच चुकलेली असते, आणि मग कुठल्याच आकड्यावर भरवसा उरत नाही. २५ होते, की २६?

मी टॉर्च घेतला आणि मनूला हाक मारली.