कुर्दी भाषेवरील बंदी कागदापुरती नव्हती

तुर्कस्तानात कुर्दी भाषेवर बंदी कधी नव्हतीच, निर्बंध होते ते फुटीरतावाद्यांपुरते होते, घरात बोलण्यास कोणी अडवत नव्हते आणि १९९१ मध्ये तेही संपले, असे विधान समाजमाध्यमांवर वारंवार पुढे पाठवले जाते. त्यातला एकही भाग टिकत नाही.

बंदी नव्हती असे म्हणणाऱ्यांचा आधार हा, की कायद्यात कुर्दीचा उल्लेख सापडत नाही. उल्लेख नाही हे खरे. परंतु लष्करी राजवटीने १९८३ मध्ये केलेल्या २९३२ क्रमांकाच्या कायद्याने, तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या राष्ट्रांच्या पहिल्या अधिकृत भाषेखेरीज अन्य कोणत्याही भाषेत विचार मांडणे, छापणे वा पसरवणे निषिद्ध ठरवले. इराकच्या कुर्द प्रदेशात कुर्दीला अरबीच्या जोडीने अधिकृत दर्जा होता, पण ‘पहिली अधिकृत भाषा’ या शब्दयोजनेमुळे तो आधारही उरला नाही. याच कायद्याने तुर्की नागरिकांची मातृभाषा तुर्कीच असल्याचे जाहीर केले. लक्षावधी लोकांची आई त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलली, हे सरकारने ठरवले. याला बंदी म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

निर्बंध फुटीरतावाद्यांपुरते होते, हेही खोटे आहे. नवजात बाळाच्या नावात क्यू, डब्ल्यू, एक्स ही कुर्दीत असलेली पण तुर्की लिपीत नसलेली अक्षरे आली, तर १९२८ च्या लिपी कायद्याचा हवाला देऊन नोंदणी नाकारली जाई. हजारो गावांची जुनी नावे पुसून तुर्की नावे दिली गेली. १९९१ मध्ये संसदेत तुर्कीतून शपथ घेऊन झाल्यावर कुर्द खासदार लैला झाना यांनी तुर्क आणि कुर्द जनतेच्या बंधुभावाविषयी एक वाक्य कुर्दीत उच्चारले, तेव्हा सभागृहात गदारोळ झाला.

घरात बोलण्याची मोकळीक होती, हा दावा मला सर्वांत निर्दय वाटतो. १९८० च्या लष्करी उठावानंतर कुर्दबहुल दियारबकिर शहराच्या लष्करी तुरुंगात भेटीच्या वेळी कुर्दी बोलण्यास मनाई होती; तुर्की न येणाऱ्या आया मुलासमोर गप्प उभ्या राहत. शाळेत, कचेरीत, न्यायालयात जी भाषा चालत नाही आणि जिच्यामुळे मुलाला मार बसेल, ती त्याला शिकवावी की नाही, हा विचार आईबापांना घरातच करावा लागतो. त्यामुळे शिपाई दारात न येताही बंदी घरात शिरते, आणि तिचा परिणाम कायदा रद्द झाल्यावरही पुढच्या पिढीत राहतो.

राहिला १९९१ चा मुद्दा. २९३२ क्रमांकाचा कायदा त्या वर्षी रद्द झाला, हे मान्य. पण १९९९ मध्ये गायक अहमत काया यांनी एका पुरस्कार सोहळ्यात कुर्दी गीत ध्वनिमुद्रित करण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा त्यांच्यावर काटे-चमचे फेकले गेले. खटला झाला, देश सुटला आणि २००० मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये सरकारी कुर्दी वाहिनी आली, २०१२ पासून शाळेत ऐच्छिक विषय म्हणून कुर्दी घेता येऊ लागली. मात्र तुर्कीखेरीज अन्य भाषा मातृभाषा म्हणून शिकवण्यास मज्जाव करणारे संविधानाचे ४२ वे कलम आजही कायम आहे.