मंजुरी पगाराला, सीलिंग जागच्या जागी

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की लक्ष्मीभुवन चौकातल्या आमच्या कट्ट्यावर सगळेच अर्थमंत्री होतात. परवा मास्तर तर्रीपोह्याची प्लेट हातात घेऊनच सुरू झाले, "पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटवरचा जास्तीचा खर्च, पास झाल्या ना? मग पगारावरची सीलिंग, ती कमाल मर्यादा, उठली समजा. सभागृहापेक्षा मोठं कोण आहे?"

"काहून उठेल?" ट्रेझरीतून रिटायर झालेले काका म्हणाले. "सभागृह पैसा मंजूर करते. पगार किती, कमाल किती, हे घटनेच्या 309 कलमाखालच्या नियमात राहते. नियम बदलला नाही तर तिजोरी भरलेली असली तरी बिलावर आम्ही ऑब्जेक्शन काढतो."

"हे बाबूलोकांचं तंत्र झालं."

"राष्ट्रपतीही सुटले नाहीत," वकीलसाहेब मध्ये पडले. "सातव्या वेतन आयोगानं कॅबिनेट सचिवाचा पगार अडीच लाख केला, अन् राष्ट्रपतींचा दीडच लाख! त्यांचा आकडा कायद्यात होता. तो बदलायला 2018 चं बजेट उजाडलं, तेव्हा कुठं पाच लाख झाले."

मास्तर जरा गप्प झाले. हाताखालचा माणूस जास्त पगार उचलतो हे दुःख त्यांना ओळखीचं असावं.

काकांनी खिशातून ग्रॅच्युइटीच्या आदेशाची झेरॉक्स काढली. घडीवर फाटलेली, 14,00,000 खाली लाल रेघ. "केंद्रानं 20 लाख केले. आपल्याकडे राज्यात पगार सातव्या आयोगाच्या नवीन तक्त्यात बसले, पण ही मर्यादा 14 लाखांवरच. माझा हिशोब वर गेला होता, वरचा कापला. 20 झाले ते 1 सप्टेंबर 2024 पासून."

बुटीबोरीच्या कंपनीतला आमचा सगळ्यात लहान मेंबर म्हणाला, "पण केंद्रात तर आपोआप वाढते ना? डीए, म्हणजे महागाई भत्ता, 50 टक्के झाला अन् ग्रॅच्युइटीचे 20 चे 25 लाख झाले."

"आपोआप नाही गा. डीए पन्नासला टेकला की मर्यादा 25 टक्क्यांनी वाढवा, हे आयोगानं आधीच लिहून ठेवलं होतं. अन् ते केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरतं. तुमच्या कंपनीला कायद्याची 20 लाखांची मर्यादा. त्यांचे 25 झाले म्हणून तुझे होत नाहीत."

"खासदारांनी मात्र बरोबर लिहून घेतलं," वकील म्हणाले. "2018 मध्येच ठरवलं, दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढ. 1 एप्रिल 2023 पासून लाखाचे 1 लाख 24 हजार झाले. दरवेळी विधेयक आणायची भानगडच नाही."

मास्तर उसळले, "त्यांच्या सीलिंगला लिफ्ट अन् आमच्या सीलिंगला कुलूप?"

इथं मात्र मी मास्तरांच्या बाजूचा. सीलिंग महागाईला बांधता येते हे दिसलंच आहे. कोणाची बांधायची, हा निवड करणाऱ्यांच्या मर्जीचा भाग.

"मग काका, तुम्हाला फरक मिळाला की नाही?"

"मी 2022 ला रिटायर झालो. तारखेच्या आधीच्यांना काही नाही. राष्ट्रपतींची वाढ मात्र 1 जानेवारी 2016 पासून धरली."

"कोर्टात काहून नाही गेले?"

काकांनी वकिलांकडं बोट केलं. "यांची फी विचारा. तिच्यावर कोणत्याच सभागृहाची सीलिंग नाही."