एकच 'स्वान लेक' तीनदा कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया आली त्याला आठवडा झाला. लगेच उत्तर दिलं असतं तर ते रागात लिहिलं गेलं असतं. तसं होऊ नये, म्हणून थांबले.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात. तुम्ही अकरा वर्षं लंडनला होतात, रॉयल बॅलेचे प्रयोग नेमानं पाहिलेत, त्यामुळे सिअ‍ॅटलच्या 'गावच्या कंपनी'चं, म्हणजे पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅलेचं, मी केलेलं कौतुक तुम्हाला 'अतिरेक' वाटलं. नृत्यरचना ठरलेली असते, तेव्हा एकाच आठवड्यात 'स्वान लेक'चे तीन प्रयोग पाहून मी जे फरक लिहिले ते मनाचे खेळ आहेत, असं तुम्ही म्हणता. बत्तीस फुएते (एका पायावरच्या सलग गिरक्या) पूर्ण न करणाऱ्या नर्तकीची मी तरफदारी केली, हा तिसरा आक्षेप. कोअरमधल्या, म्हणजे समूहात नाचणाऱ्या, एका मुलीच्या शरीराबद्दलचं माझं वाक्य तुम्हाला खटकलं, हा चौथा. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मुलीकडे इथून जवळच्या रेडमंडला येणार आहात, तर काय पाहावं.

चौथ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं पूर्ण बरोबर आहे. दुसऱ्या अंकात हंस एकामागून एक विंगेतून बाहेर येतात, तेव्हा 'एक मुलगी अंगानं भरलेली असल्यामुळे रांगेचा एकसारखेपणा बिघडतो' असं मी लिहिलं होतं. ते वाक्य काढून टाकलंय आणि लेखाखाली तशी नोंद केली आहे. काढताना मी स्वतःला विचारलं, त्या रात्री नक्की काय दिसलं होतं? तिची मान इतरांच्याच कोनात होती, हात त्याच उंचीवर, पाऊल त्याच ठोक्यावर. रांग बिघडलीच नव्हती. जुन्या फोटोंमधून डोळ्यांत बसलेला एक सांगाडा मी तिच्या अंगावर चढवला होता. बॅले शिकणाऱ्या मुली असले शेरे दहाव्या-अकराव्या वर्षापासून ऐकतात. त्यापायी जेवण सोडणाऱ्या मुलींच्या गोष्टी या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहेत. याच कंपनीत 2022 च्या 'स्वान लेक'मध्ये अ‍ॅश्टन एडवर्ड्स, जे स्वतःला स्त्री किंवा पुरुष अशा कुठल्याच खान्यात बसवत नाहीत, पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर नाचायचे, एरवी बायकांचे समजले जाणारे बूट, घालून हंसांमध्ये नाचले, तेव्हा मी आनंदानं लिहिलं होतं. तेच लिहिणाऱ्या हातानं हे वाक्य लिहिलं, याचं मला फार वाईट वाटतं. ती मुलगी हे वाचणार नाही. तरी तिची माफी मागते.

आता 'गावची कंपनी'. पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅले 1972 मध्ये सुरू झाली. 1977 मध्ये केंट स्टोवेल आणि फ्रान्सिया रसेल हे जोडपं तिथे आलं. दोघंही न्यूयॉर्क सिटी बॅलेमध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बालानशीनच्या हाताखाली नाचलेले. 2005 पर्यंत त्यांनी कंपनी चालवली, त्यांच्यानंतर त्याच न्यूयॉर्कच्या कंपनीतले पीटर बोल आले. पन्नासच्या आसपास नर्तक, स्वतःची शाळा, स्वतःचा वाद्यवृंद. तुम्ही लंडनला नेमके कोणत्या सालात होतात ते लिहिलेलं नाही, पण 1999 मध्ये हीच कंपनी तिथे सॅडलर्स वेल्समध्ये बालानशीनचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' घेऊन गेली होती आणि बीबीसीनं ते चित्रित केलं. पॅट्रिशिया बार्कर त्यात परीराणी टायटानिया आहे. मिळालं तर जरूर पाहा.

अर्थात या दाखल्यावर मला माझी बाजू उभी करायची नाही. सिअ‍ॅटल लंडनच्या तोडीचं आहे असं मी कधी लिहिलेलं नाही. रॉयल बॅलेकडे शंभराच्या घरात नर्तक आहेत. इथे 'स्वान लेक'साठी हंस पुरे पडत नाहीत, म्हणून शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलींना रांगेत उभं करतात, आणि नीट पाहिलं तर ते कळतं. पण 'गावची' हा शब्द तुम्ही उणेपणानं वापरलात, तो मला तसा वाटत नाही. मी सांगलीची. आमच्याकडे नाटकाचा प्रेक्षक त्याच नटाला वर्षानुवर्षं पाहायचा. त्याचा आवाज कधी बसला, कधी उघडला, बायकोच्या आजारपणात त्यानं प्रयोग कसा रेटला, हे सगळं लोकांना ठाऊक असायचं. पाहुण्या संचाला टाळ्या मिळायच्या, पण आपल्या माणसांवर लक्ष असायचं. मी 2006 पासून इथे राहते आणि तेव्हापासून या कंपनीवर माझं तसं लक्ष आहे. मी जे लिहिते ते त्या लक्ष ठेवण्यातून आलेलं असतं.

नृत्यरचना ठरलेली असते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. ती किती ठरलेली असते, हे मला इथेच 2011 मध्ये कळलं. त्या वर्षी जूनमध्ये कंपनीनं 'जिझेल' केलं, आणि त्यासाठी डग फुलिंग्टन आणि मॅरियन स्मिथ या दोन अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं धुंडाळली: 1842 मधली आंत्वान टिटसची संगीताच्या ओळींखाली लिहिलेली अभिनयाची टिपणं, 1860 च्या दशकातली आंरी जुस्तामांची वही, आणि हार्वर्डच्या संग्रहात असलेली, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर रशियात स्तेपानोव लिपीत (नाच लिहून ठेवायच्या लिपीत) उतरवलेली पावलं. 'जिझेल' पहिल्यांदा पॅरिसला झालं ते 1841 मध्ये. आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' झालं 1843 मध्ये. भाव्यांच्या नटांनी नेमके कसे हात केले, कुठे वळले, हे आज कुणाला असं वाचून उभं करता येणार नाही. इथे मात्र पायाचा अंगठा कुठल्या ठोक्यावर टेकायचा तेसुद्धा कागदावर आहे. त्या प्रयोगात गळून गेलेल्या कितीतरी गोष्टी परत आल्या. जिझेलची आई हातवाऱ्यांनी विलींची (लग्नाआधी मेलेल्या मुलींच्या भुतांची) दंतकथा सविस्तर सांगते, विलींच्या नाचात फ्यूगचा (एकच सुरावट वाद्यांनी एकामागून एक उचलण्याचा) तुकडा आहे, आणि शेवटी जिझेल आल्ब्रेख्तला बाथिल्डकडे जायला सांगते. हा शेवट पाहून मी बराच वेळ खुर्चीत बसून होते. मरून भूत झालेली मुलगी ज्यानं फसवलं त्याला त्याच्या वाग्दत्त वधूच्या हाती सोपवते, आणि यात कुठेही त्यागाचा आव नाही.

इतकं सगळं कागदावर बांधलेलं असताना मी काओरी नाकामुरा आणि कार्ला कोर्बेस अशा दोघींची जिझेल पाहिली. नाकामुरा जपानची, 1997 मध्ये या कंपनीत आलेली. कोर्बेस ब्राझीलची, न्यूयॉर्कहून 2005 मध्ये आलेली. पावलं तीच. पण पहिल्या अंकाच्या शेवटी जिझेलचं भान सुटतं तिथे नाकामुरा एकेक गोष्ट नीट आठवायचा प्रयत्न करते, फुलाच्या पाकळ्या मोजल्या ती जागा, त्याचा हात होता ती जागा, आणि आठवतंय म्हणूनच ती मोडत जाते. कोर्बेसला काहीच आठवत नाही. ती हळूहळू स्वतःच्या अंगातून निघून जाते, आणि आई समोर असून आईला ओळखत नाही. तुम्ही शास्त्रीय संगीत ऐकता हे तुमच्या जुन्या प्रतिक्रियांवरून मला माहीत आहे. बंदिश तीच, राग तोच, म्हणून दोन गायक सारखेच वाटले असं तुम्ही कधी म्हणाल का?

'स्वान लेक'च्या तिन्ही संध्याकाळी मी हेच पाहत होते. दुसऱ्या अंकातलं, शापानं हंस झालेल्या ओडेटचं आणि राजपुत्राचं द्वंद्वनृत्य एका व्हायोलिनवर चालतं आणि शेवटाकडे त्यात चेलो मिसळतो. पहिल्या रात्रीची ओडेट सुरुवातीपासून राजपुत्राकडे बघत होती, भीत भीत, पण बघत होती. दुसऱ्या रात्रीचीनं चेलो येईपर्यंत त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याच्या हातावर मागे रेलतानाही नजर तळ्याकडे. चेलो सुरू झाला आणि तिनं मान वळवली. वाद्यवृंदाचा संचालक रंगमंचापुढच्या खड्ड्यातून वर तिच्याकडेच बघत असतो. तिची मान वळेपर्यंत त्यानं व्हायोलिनचा शेवटचा सूर लांबवला. ही लय कागदावर नाही. ती त्या दोघांमध्ये त्या क्षणी ठरली. तिसऱ्या रात्रीचं सगळं थोडं घाईत गेलं, ते मी मूळ लेखातही लिहिलं होतं. एकच प्रयोग पाहिला असता तर यातलं काही मला दिसलं नसतं. तो पाहून 'सुंदर होतं' इतकंच लिहिता आलं असतं.

आणि हंस. ते द्वंद्वनृत्य चालू असताना बाकीचे हंस दोन्ही बाजूंना एका पायावर भार देऊन, दुसरा मागे टेकवून, न हलता उभे असतात. पाय बधिर होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि लगेच त्याच पायांनी पुढचं नाचायचं असतं. लोक दिव्याखालच्या दोघांकडे बघतात. तिसऱ्या रात्री मी तो सगळा वेळ डाव्या रांगेतल्या चौथ्या हंसाकडे बघत काढला. ती माझ्या पाहण्यात चार वर्षांपूर्वी शाळेतून आली. तेव्हा तिची नजर सतत शेजारणीच्या पायाकडे असायची. आता शेजारीण तिच्याकडे बघते.

फुएतेबद्दल. तिसऱ्या अंकात ओडेटसारखी दिसणारी, काळ्या पोशाखातली ओडिल एका पायावर बत्तीस वेळा गरगर फिरते, हे पिएरिना लेन्यानीनं 1895 मध्ये सेंट पीटर्सबर्गला करून दाखवलं, तेव्हापासून ती जणू परीक्षाच झाली. पण माया प्लिसेत्स्काया या जागी फुएते करतच नसे. ती रंगमंचाला वेगानं फेरी मारत गिरक्या घ्यायची. ती ओडिल म्हणून कमी पडली असं कुणी म्हणत नाही. मी लिहिलं होतं त्या रात्री नर्तकीची जागा सरकली, ती पुढे पुढे येऊ लागली, तिला ते कळलं, आणि तिनं शेवटचे फुएते सोडून साध्या गिरक्यांनी, संगीताच्या बरोबर शेवटच्या ठोक्यावर, राजपुत्राकडे बोट रोखून थांबून दाखवलं. तिथे ओडिलचं काम आहे राजपुत्राला फसवणं. ते तिनं केलं. तंत्र चुकलं हे मी लपवलं नव्हतं आणि आजही लपवत नाही. पण आकडा पूर्ण करणारी दुसऱ्या रात्रीची ओडिल त्या बत्तीस फेऱ्यांच्या वेळात राजपुत्राला विसरली होती, हेही खरं.

आता मला जे सांगायचंय ते. 2008 मध्ये इथे ज्याँ-क्रिस्तॉफ मायो या नृत्यरचनाकाराचं 'रोमेओ ए ज्युलिएत' पहिल्यांदा झालं. त्यात तलवारी नाहीत, राजवाडा नाही, वळणदार पांढऱ्या भिंती आणि एक उतार. नोएलानी पँटास्टिको ज्युलिएट होती आणि लुसिएन पोस्टलवेट रोमिओ. हवाईची ही मुलगी 1997 पासून या कंपनीत होती. त्या प्रयोगांनंतर ती मायोच्याच कंपनीत, माँटे कार्लोला निघून गेली. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला तेव्हा रडू आलं होतं, घरातलं कुणी परगावी जावं तसं. 2015 मध्ये पँटास्टिको परत आली. आणि फेब्रुवारी 2022 मध्ये निवृत्त होताना तिनं नाचायला घेतली ती ज्युलिएटच. चौदा वर्षांनी. 2008 ची ज्युलिएट उतारावरून धावत येताना पुढे काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. 2022 ची तशीच धावत आली, तितकीच जोरात, पण मधेच अर्धा क्षण थांबली. शेवटी रोमिओच्या छातीतून ती लांब लाल कापड ओढून काढते आणि स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते भयंकर वाटलं होतं. या वेळी तिनं ते इतकं सावकाश, इतकं काळजीनं ओढलं, की माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरला. त्याही 2008 ला तिथे होत्या, हे नंतर कळलं.

लंडनला तुम्ही याहून सरस ज्युलिएट पाहिल्या असतील, आणि त्याबद्दल तुम्ही लिहावं असं मला मनापासून वाटतं. पण त्या चौदा वर्षांतलं मी जे पाहिलं ते मी याच शहरात, याच खुर्च्यांत बसून पाहिलं, आणि 'अतिरेक' हा शब्द मी त्याला लावू शकत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. डिसेंबरात येत असाल तर 'नटक्रॅकर' असेल. 2014 पर्यंत इथे स्टोवेल आणि चित्रकार मॉरिस सेंडाकचं 'नटक्रॅकर' व्हायचं, मला ते जास्त आवडायचं. 2015 पासून बालानशीनचं आहे, इयन फॉल्कनरच्या नेपथ्यात. त्याचं तिकीट काढताना मोठी नावं शोधू नका. आधी जाहीर होणारा संच पाहा आणि ज्या दिवशी कोअरमधली मुलगी शुगरप्लम परीची मोठी भूमिका करणार असेल तो दिवस घ्या. या मुलींना पहिली मोठी भूमिका बहुतेक वेळा त्याच महिन्यात मिळते. इतर वेळी येत असाल तर जे असेल ते पाहा, फक्त नृत्यरचनाकार क्रिस्टल पाइटचं 'इमर्जन्स' असेल तर चुकवू नका. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सगळी कंपनी एकदम हलते आणि नर्तक कुजबुजत आकडे मोजतात.

खुर्ची वरच्या बाल्कनीतली, पण पुढच्या रांगेतली घ्या. हंसांच्या ओळी खालून नीट दिसत नाहीत. प्रयोग संपल्यावर लगेच निघू नका. पीटर बोल एखाद्या नर्तकाला बरोबर घेऊन प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, आणि फुएतेबद्दलचा तुमचा प्रश्न तिथे नाचणाऱ्यांनाच विचारता येईल. रेडमंडहून 520 च्या पुलावरून या. शुक्रवारी संध्याकाळी तास-सव्वा तास हातात ठेवा, उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत आत सोडतीलच असं नाही. मुलीला सवड नसेल तर मला कळवा, आपण बरोबर जाऊ.