चेन गिअर बदलल्याने तुटते, हे कोणी सांगितलं?

माझी भाची यंदा पहिल्यांदाच पंढरपूरच्या सायकल वारीला जाणार आहे. रविवारी सरावासाठी सप्तशृंगी गडाकडे गेली. नांदुरीच्या चढावर उभी राहून पेडल मारत असताना चेन तुटली, पेडल खाली कोसळलं आणि गुडघा हँडलवर आदळला. एवढ्या जड गिअरवर का चढत होतीस, विचारलं तर तिने मोबाइलच पुढे केला. "चढावर गिअर बदलू नका, त्यानेच चेन तुटते. जड गिअरवर उभं राहून चढा, पाय तयार होतात, चेनला काही होत नाही. चेन तुटेपर्यंत बदलायची गरज नाही. रॉकेलमध्ये बुडवली की तेलही नको." मला हाच मेसेज तीन ग्रुपवर आलाय.

चेनला काही होत नाही? चढ तोच, माणूस तोच, वेग तोच. मागे १४ दात्यांची चकती, म्हणजे जड गिअर, असेल तर चेनवर जेवढा ताण येतो, तो २८ दात्यांवर, म्हणजे हलक्या गिअरवर, घेतला की निम्मा होतो. पुढची चकती लहान केली तर गुडघे वाचतात, चेनचा ताण मात्र मागची चकती ठरवते. लहान चकतीवर चेनला प्रत्येक दात्याशी जास्त वाकावं लागतं आणि भार पेलायला दातेही कमी मिळतात. म्हणून ती ताणाने आणि झिजेने, दोन्हीकडून मरते. पाय तयार करायचे तर हलक्या गिअरवर भरभर पेडल मारा ना!

गिअर बदलताना चेन तुटते, यात थोडं तथ्य आहे, मान्य. पेडलवर पूर्ण भार देऊन चढाच्या मधोमध गिअरचा खटका दाबला, तर चेन दोन चकत्यांमध्ये तिरकी होते आणि कड्या जोडणारी पिन कडीच्या बाहेरच्या पट्टीतून उचकटते. भाचीच्या तुटलेल्या कडीची पट्टी अशीच उघडली होती. शेवटी घाबरून तिने खटका दाबलाच होता. गिअर चढ सुरू होण्याआधी बदलायचा, आणि बदलताना पाय क्षणभर सैल सोडायचा. एवढंच.

तुटेपर्यंत थांबायचं, हा मुद्दा खिसा कापणारा. शेल्डन ब्राउन या दिवंगत अमेरिकी मेकॅनिकने सांगितलेली मोजणी साधी आहे. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच वाढल्या की चेन बदला. १/८ वाढल्या तर बहुधा चकत्याही गेलेल्या असतात. भाचीची चेन मी मोजपट्टी लावून मोजली, १/८ च्याही पुढे होती. मागच्या १४ च्या चकतीचे दाते करवतीसारखे टोकदार झालेत.

रॉकेलने चेन धुवा, हरकत नाही. पण ती पुसून, वाळवून तेलाचा थेंब प्रत्येक कडीत जायलाच हवा.

नवी चेन आणि कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बुधवारी बसेल. गुडघ्याची सूज अजून उतरलेली नाही.