होतकरू ठेकेदारास चार अनामत शब्द

तुम्ही बांधलेली चिऱ्याची भिंत ओळंब्यात उभी राहते, स्लॅब पहिल्या पावसात गळत नाही, आणि गावी घर बांधायचं म्हटलं की मुंबईचे चाकरमानी तुमचंच नाव घेतात. म्हणजे सरकारी ठेकेदार व्हायला लागणारा एकही गुण तुमच्यात नाही. पण निराश होऊ नका. गुण नसले तरी चालतं, अनामत हवी.

आधी हमी म्हणजे काय ते समजून घ्या. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे हमीच्या व्यवहारात तिघे असतात: देणं अंगावर घेणारा, ज्याला ते द्यायचं तो, आणि पहिला चुकला तर 'मी बघतो' म्हणणारा. तुम्हाला हे नवीन नाही. चुलतभावाच्या रिक्षाच्या कर्जाला तुम्ही पतसंस्थेत जामीन राहिलात, भाऊ विरारला निघून गेला आणि नोटीस तुमच्या पडवीत आली, ते हेच. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते हे कलम १२८ तुम्ही वकील न लावता शिकलात. आता तुमच्या जागी बँक बसणार आहे, आणि बँक तुमच्यासारखी भोळी नाही. 'मी बघते' म्हणण्याआधी जेवढ्याचं बघायचं तेवढे पैसे ती तुमच्याकडून घेऊन स्वतःकडे ठेवते, आणि या धाडसाबद्दल वर कमिशन लावते.

पहिली पायरी नोंदणीची. ती फार अवघड नाही, फक्त लांब आहे. छोट्या कामांच्या वाटपात ३३:३३:३४ असा हिशेब ठरलेला असतो. ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, उरलेली ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना. मजूर संस्थेचे चेअरमन बोलेरोतून उतरले म्हणून गोंधळू नका. कागदावर ते मजूर आहेत, आणि आपण इथून पुढे कागदावरच राहणार आहोत.

आता हिशेबाला बसा. समजा वाडीतल्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, साकव म्हणजे छोटा पूल बांधायचा आहे, अंदाजपत्रक ५० लाखांचं. निविदेबरोबर बयाणा रक्कम लागते. एक टक्का धरा, ५० हजार. काम मिळालं नाही तर ती परत येते, मिळूनही तुम्ही पाठ फिरवलीत तर जप्त होते. रास्त आहे. काम मिळालं की सुरक्षा अनामत. चार टक्के धरा, दोन लाख. निम्मी करारनाम्याच्या वेळी, निम्मी चालू बिलांतून कापून. हेही समजण्यासारखं आहे. पैसे घेऊन पळून गेलेले ठेकेदार सरकारने पाहिलेत, तुम्हीही पाहिलेत, एखाद्याशी तुमची सोयरीकही असेल.

खरी मजा दरात आहे. चिरा, खडी, सिमेंट, सळई, मजुरी असं सगळं मांडून तुम्ही पाहिलंत की ४८ लाखांच्या खाली हा साकव होत नाही. तर मग ४८ लिहू नका. ४८ लिहिणाऱ्याची निविदा उघडते आणि तशीच मिटते. १८ टक्के कमी भरा, ४१ लाख. परवडणार कसं हा प्रश्न घरी ठेवून या, सगळेच ठेवून येतात. ४१ लाखांत साकव होत नाही हे सरकारलाही कळतं. म्हणून त्याने उपाय शोधला: दर जितका कमी, तितकी जादा सुरक्षा अनामत. बांधकाम विभागाच्या निविदांत हा हिशेब साधारण असा असतो. दहा टक्क्यांपर्यंत खाली गेलात तर एक टक्का. दहा ते पंधराच्या मध्ये जितके खाली तितके टक्के आणखी. पंधराच्याही खाली गेलात की प्रत्येक टक्क्याला दोन. म्हणजे तुमचे १८ झाले एक अधिक पाच अधिक सहा. एकूण १२ टक्के, आणि तेही अंदाजपत्रकावर. सहा लाख.

डोळे मिटून यातली बुद्धिमत्ता अनुभवा. या माणसाला काम पुरं करायला पैसा कमी पडेल असा संशय आहे, तेव्हा काम सुरू करण्याआधीच त्याच्या खिशातले सहा लाख काढून ठेवावेत. सिमेंट घ्यायला आता ते त्याच्याकडे नाहीत, म्हणजे संशय खरा ठरण्याची पक्की व्यवस्था झाली.

हे सहा लाख डिमांड ड्राफ्ट, एफडी किंवा बँक गॅरंटी यांपैकी निविदेत जे लिहिलंय त्या रूपात द्यायचे. गॅरंटीला राष्ट्रीयीकृत किंवा शेड्यूल्ड बँकच लागते. ज्या पतसंस्थेत तुमच्या तीन पिढ्यांनी भिशी भरली, तिच्या कागदाला इथे पापड वाळत घालण्यापलीकडे उपयोग नाही. मोठ्या कंपनीला बँक दहा-पंधरा टक्के मार्जिनवर, म्हणजे तेवढीच रक्कम आधी ठेवून घेऊन, गॅरंटी देते, कारण तिच्याकडे पैसा आहे. तुमच्याकडे नाही, म्हणून तुम्ही शंभर टक्के ठेवायचे. कमिशन सालाला साधारण एक ते तीन टक्के, वर १८ टक्के जीएसटी. दोन टक्के धरले तर सहा लाखांवर १२,००० आणि जीएसटीचे २,१६०, मिळून वर्षाला १४,१६०. स्टॅम्प पेपर वेगळा. शंभराचा आता इतिहासजमा झाला, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा घ्यावा लागतो. एफडीवर व्याज मिळतं ना, असं मॅनेजर म्हणेल. मिळतं. बँक वर्षभरात जेवढं देते तेवढं गावचा सावकार साडेतीन महिन्यांत तुमच्याकडून घेतो, एवढाच काय तो फरक.

गॅरंटीचा मसुदा वाचू नका, झोप जाईल. विनाअट, अपरिवर्तनीय, पहिल्या मागणीवर, कोणतीही हरकत न घेता. म्हणजे विभागाने पत्र पाठवलं की बँक पैसे देते आणि चूक कुणाची हे नंतर तुम्ही कोर्टात बघत बसता. आणि बनावट गॅरंटी करून देणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. हल्ली बँका एसएफएमएस या आपसातल्या संदेशयंत्रणेवर खातरजमा करतात. पूर्वीसारखं सुख राहिलेलं नाही.

एफडीला पैसे नसतील तर जमीन तारण ठेवा, असं मॅनेजर सुचवतो. तो बहुधा घाटावरून बदलून आलेला असतो. त्याला तुमचा सातबारा दाखवा आणि त्याचा चेहरा बघा, दिवसभराचा शीण जाईल. पणजोबांच्या वेळेपासूनची सामाईक नावं. निम्मे मयत, वारस नोंद कुणी केलेली नाही. आत्या लग्न होऊन गेल्या पण सातबाऱ्यावरून गेल्या नाहीत. दोन काका गिरणीत म्हणून गेले, गिरणी बंद पडली, काका आलेच नाहीत. जमीन आठ गुंठे, त्यात हापूसची चार कलमं, आणि हक्कदार इतके की गणपतीत त्यांना दोन पंगती लागतात. तुम्ही बेत करता की गणपतीला सगळे येतील तेव्हा संमतीच्या सह्या घेऊ. सगळे येतात. आरत्या होतात, मोदक होतात, भजन पहाटेपर्यंत चालतं. सह्यांचा कागद बाहेर काढला की डोंबिवलीच्या काकूंना मागल्या पिढीतल्या एका फणसाच्या पैशांची आठवण होते. ज्या जमिनीसाठी तुमची भावकी तीस वर्षं कोर्टात लढतेय, ती बँकेच्या लेखी तारणसुद्धा नाही, हे मात्र कुणाला सांगू नका. उगाच केस मागे घेतील आणि तालुक्याच्या वकिलांचे हाल होतील.

राहिले घरातले दागिने. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, घरात माझाही लेख वाचला जातो.

तेव्हा आधुनिक व्हा. बँकेचा नाद सोडा आणि शुअरिटी बाँड मागा. केंद्राने २०२२ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं की सरकारी खरेदीत बँक गॅरंटीऐवजी विमा कंपनीचा शुअरिटी बाँड चालेल. त्याच फेब्रुवारीत केंद्राच्या वित्तीय नियमांत तशी दुरुस्ती झाली, १ एप्रिलपासून विमा नियामकाची मार्गदर्शक तत्त्वं लागू झाली, आणि डिसेंबरात नितीन गडकरींच्या हस्ते पहिल्या बाँडचा शुभारंभही झाला. एफडी अडकत नाही, फक्त हप्ता भरायचा. ऐकायला इतकं गोड आहे की तुम्ही लगेच एजंटाला फोन लावाल. लावा. तो तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, नक्त मत्ता (देणी वजा जाता उरतं ते), हातातल्या कामांची यादी आणि यंत्रसामग्री विचारेल. तुमची यंत्रसामग्री म्हणजे एक मिक्सर आणि मेव्हण्याचा डंपर. मग तोच एजंट तुम्हाला मोटारसायकलचा विमा विकेल, आणि तुमचा संपला असल्यामुळे तुम्ही तो घ्याल.

समजा बाँड मिळालाच, तरी विमा आहे म्हणून पाय पसरून बसू नका. तुम्हाला काही झालं तर कंपनी देईल, असा हा विमा नाही. कंपनी सरकारला देते आणि मग भरलेले पैसे वसूल करायला त्याच करार कायद्याचं कलम १४५ हातात घेऊन तुमच्या दारात येते. हप्ता तुमचा, संरक्षण सरकारचं. आणि तुमच्या निविदेच्या फॉर्ममध्ये शुअरिटी बाँड हा शब्द आहे का तेवढं आधी पाहा. नसेल तर दिल्लीतली दुरुस्ती तुमच्या तालुक्याच्या टेबलापर्यंत यायची आहे. ती मुंबई-गोवा महामार्गाने निघाली असावी.

तो महामार्ग बघाच एकदा, हमीचा अभ्यास होईल. पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ साली सुरू झालं. तिथेही निविदा होत्या, गॅरंट्या होत्या, दंडाची कलमं होती. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकाम सुरू असलेला उड्डाणपूल कोसळला, तेव्हा फाइलीतला एकही कागद जागचा हलला नाही. कागद फार मजबूत असतात. पैशाला पैसा जामीन असतो, पुलाला कुणी जामीन राहत नाही.

अमेरिकेचं एक खूळ सांगतो, पण ते गावात बोलू नका. तिथे १९३५ च्या मिलर कायद्यानुसार केंद्र सरकारचं मोठं बांधकाम घेणाऱ्याला दोन बाँड द्यावे लागतात. एक काम पुरं करण्याचा, दुसरा मजुरांचे आणि माल पुरवणाऱ्यांचे पैसे चुकते करण्याचा. दुसऱ्याची बातमी आपल्याकडच्या चिरेखाणवाल्याला, डंपरवाल्याला आणि विजापूरहून आलेल्या मजुरांच्या मुकादमाला लागली तर पंचाईत होईल. ते बिचारे अजून तुमच्या तोंडाकडे बघून माल देतात. हार्डवेअरवाला तर तुमचा खरा जामीनदार आहे. कमिशन नाही, मार्जिन नाही, स्टॅम्प नाही, फक्त एक लाल वही. तो वही उघडून एवढंच विचारतो, "मेल्या, बिल कधी निघतला?"

हा प्रश्न मात्र अडचणीचा आहे. करारनामा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळा आणि विभागाने वेळेत पैसे देण्याची हमी कोणत्या बँकेची आहे ते शोधा. सापडलं तर मला कळवा, मी तिथे खातं उघडीन. २०२५ साली ठेकेदार संघटनांनी सांगितलं की राज्यभरातली थकलेली बिलं ८९ हजार कोटींच्या घरात आहेत. कोटी म्हणतायत, पण तुमचे त्यातले अठ्ठावीस लाख असतात आणि तेवढेच तुम्हाला दिसतात. यावर बयाणा नाही, जप्ती नाही, टक्क्याला दोन टक्के नाहीत. उपाय एकच, ग्रामदैवताला गाऱ्हाणं घाला. मसुदा देतो, बँकेच्या मसुद्यापेक्षा सोपा आहे:

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान साकवाचा काम पुरा केल्यान हा, त्येचा बिल वर अडाकला हा, ता सोडवन दी, आणि गॅरंटीची मुदत सरायच्या आदी अनामत घराक हाड रे म्हाराजा!"

मागे उभ्या असलेल्या हार्डवेअरवाल्याने मोठ्याने म्हणायचं, "व्हय म्हाराजा!"

मुदतीचंही सांगायला हवं. कोकणात काम करायचे महिने ऑक्टोबर ते मे. कार्यारंभ आदेश येतो मेच्या अखेरीस. जूनला व्हाळ दुथडी भरतो, काम बंद, मुदतवाढीचा अर्ज. काम लांबलं की गॅरंटीही लांबते. विभागाचं पत्र येतं की गॅरंटीला मुदतवाढ द्या, नाहीतर रक्कम वटवून घेऊ. मग पुन्हा कमिशन, पुन्हा जीएसटी, पुन्हा पाचशेचा स्टॅम्प. पुढे दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामात दोष निघाला तर तुम्हीच दुरुस्त करायचा तो काळ. तीन वर्षं धरा, म्हणजे तीन पावसाळे, आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस निविदेच्या अटी वाचून पडत नाही. साकवाचा जोडरस्ता वाहून गेला तर भराव तुम्ही करायचा. ४१ लाखांत केलेला साकव असल्यामुळे तो वाहून जाईलच, याची हमी मी विनामूल्य देतो.

मग अनामत परत मागायला जा. एमबी, म्हणजे कामाची मोजमाप वही, ज्याने लिहिली तो शाखा अभियंता बदलून गेलेला असेल. नव्याला साकव कुठे आहे ते दाखवा, जमल्यास ओहोटीला न्या. फाइल लेखा शाखेत असेल, लेखा शाखा मार्च एंडमध्ये असेल आणि क्लार्क शिमग्याला गावी असेल. पालखी देवळात परतली की तोही परतेल. अर्ज, काम पूर्णत्वाचा दाखला, दोष नसल्याचा दाखला, मूळ करारनाम्याची प्रत, आणि आणखी एक प्रत, कारण पहिली सापडत नाही.

एफडीची पावती हातात आली तर लगेच मोडू नका. खालच्या वाडीत नवा साकव मंजूर झालाय, निविदा सोमवारी दुपारी तीनला बंद होते, आणि तुमचा तो विरारचा चुलतभाऊ आता मजूर संस्थेचा चेअरमन होऊन परत आलाय. २२ टक्के खाली भरणार म्हणे. त्यावर जादा अनामत किती बसते, तो हिशेब तुम्हाला आता येतोच. त्याने जामीन म्हणून तुमचं नाव दिलंय.