दुधाचे दात पडणारच, मग खर्च कशाला?

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दुधाचे दात पडणारच, त्यांत सिमेंट भरणं म्हणजे पैसे वाया. दात किडतात ते कॅल्शियम कमी पडल्यामुळे. साखरेऐवजी गूळ-मध द्या, फ्लोराइडची पेस्ट विषारी म्हणून टाळा, आणि मूल दोन वर्षांचं झालं की ब्रश त्याच्याच हातात द्या, ते आपोआप शिकतं. बोलण्यात थोडं तथ्य असल्यामुळे ते लगेच पटतं आणि पुढे ढकललं जातं. त्रास मात्र मुलाला होतो, म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

दुधाचे दात पडतात हे खरं, पण सगळे एकदम नाही. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेवर मुलाला आणखी सात-आठ वर्षं पोळी-भाकरी चावायची असते. या दाढांचं वरचं कवच पक्क्या दातांपेक्षा बरंच पातळ असतं, त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. शिवाय दाढेच्या मुळांच्या मध्येच खालचा पक्का दात तयार होत असतो. मुळाशी पू झाला, तर तो पक्का दात डागाळलेला, खड्डे पडलेला येऊ शकतो. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली, तर मागची पक्की दाढ पुढे सरकते, रिकामी जागा आवळते आणि खालचा दात वाकडा येतो किंवा अडकून बसतो. ती जागा राखायला स्पेस मेंटेनर बसवावा लागतो. सिमेंटचे वाचवलेले पैसे असे निघून जातात.

कॅल्शियमचं म्हणाल, तर दात हिरडीबाहेर येतो तेव्हा त्याचं कवच बनून झालेलं असतं. नंतर पाजलेलं सिरप त्यात जाऊन बसत नाही. दातांवरच्या थरातले जंतू साखरेचं आम्ल करतात. तिथला पीएच (आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की कवचातून खनिजं सुटू लागतात, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास तरी लागतो. म्हणून गोड किती खाल्लं याइतकंच ते किती वेळा खाल्लं यालाही महत्त्व आहे. जेवणाबरोबर एक लाडू परवडतो, पण दुपारभर हातात दिलेला बिस्किटांचा पुडा परवडत नाही.

रात्री लाळ फारच कमी सुटते. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलाचे वरचे पुढचे चार दात हिरडीलगत किडतात. खालचे पुढचे दात बहुधा शाबूत राहतात, कारण दूध ओढताना त्यांच्यावर जीभ असते आणि जवळच लाळ सुटते. दोष कॅल्शियमचा असता, तर वरचे किडले आणि खालचे वाचले असं झालं नसतं. झोपेतली बाटली सोडवायची तर तिच्यातल्या दुधात दर दोन-तीन दिवसांनी पाण्याचा वाटा वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी उरेल. दूध जागेपणी कपाने द्या, ब्रश करण्याआधी.

महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ बोटाने उचलून उजेडात पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात समजा. या टप्प्यावर फ्लोराइड वार्निश (दंतवैद्य दातांवर लावतात तो फ्लोराइडचा लेप) आणि रोजच्या घासण्याने दात सावरू शकतो. खड्डा पडला की तो आपला आपण भरून येत नाही.

गूळ आणि मधाबद्दल फार बोलायला नको. जंतूंच्या दृष्टीने दोन्ही साखरच. चिक्की, खजूर आणि मनुका तर दाढांच्या खाचांत चिकटून बसतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नये, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

फ्लोराइडची भीती मात्र नीट समजून घ्यायला हवी. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लागते, म्हणजे सुमारे ०.१ ग्रॅम. ट्यूबवर १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड, असं लिहिलं असेल, तर त्यात ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड येतं आणि ते सगळं गिळलं तरी विषबाधा होत नाही. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पुरे. ब्रशभर लांब पट्टी फक्त जाहिरातीत शोभते. ट्यूब मुलाच्या हाती लागू देऊ नका, कारण भरपूर पेस्ट खाल्ली तर अपाय होतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत दातांवर डाग पडतात ते बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे. लिटरला १.५ मिलिग्रॅम असलेलं एक लिटर पाणी म्हणजे तशा पेस्टच्या पंधरा दाण्यांएवढं फ्लोराइड. अशा भागात पाणी तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. आणि पेस्टला पर्याय म्हणून मिश्री तर मुलाच्या तोंडात कधीच नको, ती भाजलेली तंबाखू असते.

मूल आपोआप शिकतं, हा मुद्दा आम्हाला सगळ्यांत घातक वाटतो. सात-आठ वर्षांपर्यंत हाताला तेवढं वळण नसतं. मूल पुढचे दात घासतं आणि दाढांची आतली बाजू तशीच राहते. त्याला हवं तर आधी स्वतः घासू द्या, नंतर मोठ्यांनी पुन्हा घासायचं. लहानग्याचं डोकं मांडीवर घ्या, मोठ्याला पाठमोरं उभं करून त्याचं डोकं आपल्या पोटाशी टेका. एका हाताने गाल बाजूला धरा, मऊ ब्रश हिरडी-दाताच्या सांध्यावर किंचित तिरका ठेवा आणि छोटे गोल फिरवा. दोन मिनिटं, सकाळी आणि झोपण्याआधी. रात्रीचं चुकवू नका. शेवटी फक्त थुंकायचं, खळखळून चूळ भरली की दातांवर राहायला हवं ते फ्लोराइड धुऊन जातं. दाढा एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर मधे ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा दोरा लागतो.

सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून अनेक घरांत ती दुधाचीच समजली जाते, पण ती पक्की असते. वर येईपर्यंत ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते आणि नेहमीच्या फटकाऱ्यात ब्रश तिच्यावरून निघून जातो. गालाच्या बाजूने ब्रश आडवा घालून ती वेगळी घासा. पूर्ण वर आली की तिच्या खाचांत सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर भरून घ्यायचा का, हे दंतवैद्यांना विचारा. भूल लागत नाही, दात कोरावाही लागत नाही.