सहा पेपरांची लाईन

रविवारी पेपरवाले काका बिल घ्यायला आले आणि दारातच म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यापासून दुसरं कोणीतरी बघा. तुमच्या बिल्डिंगमध्ये सहाच पेपर उरलेत. एवढ्यासाठी पोरगं मिळत नाही लाईन टाकायला."

अठ्ठेचाळीस घरांत सहा. त्यातले दोन आमचेच.

कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: मोबाइल आला, पेपर गेला. मला हे अर्धंच पटतं. खरं म्हणजे पेपरची पुरती किंमत आपण कधी मोजलीच नाही. कागद, छपाई, पहाटेची गाडी, विक्रेत्याचं कमिशन हे चार-पाच रुपयांत बसतं का? वरचा खर्च जाहिराती भागवायच्या. 'वधू पाहिजे', 'वन बीएचके भाड्याने देणे', 'स्कूटर विकणे आहे'. या छोट्या जाहिराती वेबसाइटवर गेल्या आणि पेपरच्या पोटाला चिमटा बसला.

किंमत आणि पानांचं हे गणित जुनंच आहे. १९६० साली केंद्र सरकारने हुकूम काढला होता, किती पैशांना जास्तीत जास्त किती पानं द्यायची याचा. पुण्याचा 'सकाळ' त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. दर वाढवले तर खप घटणार, पानं कमी केली तर मजकूर जाणार. म्हणजे दोन्हीकडून मुस्कटदाबीच. न्यायालयाने हुकूम रद्द केला. गंमत म्हणजे 'सकाळ'च्या दोन वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले होते. आपल्या पेपरची पानं कमी होऊ नयेत म्हणून दिल्लीपर्यंत जाणारे वाचक! आता पानं कुठल्याही हुकमाशिवाय घटताहेत आणि आम्ही सोसायटीच्या ग्रुपवर पीडीएफ मागतो.

हो, मीही मागितली आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईत छापील पेपर काही दिवस बंदच होते, तेव्हा लागलेली सवय. फुकटची सवय सुटते थोडीच? 'डीएनए' या इंग्रजी पेपरची छपाई तर त्याआधीच, २०१९ मध्ये थांबली होती.

चहाबरोबर कागदाचा वास वगैरे हळवेपणा मला जमत नाही. माझी काळजी वेगळी आहे. नगरपरिषदेच्या सभेत शेवटच्या बाकावर बसून टेंडरचे आकडे टिपणारा तालुक्याचा वार्ताहर कोण पोसणार? ती बातमी मोबाइलवर आपणहून कोणी शोधत नाही. पेपरात ती पान पाचवर, क्रिकेटकडे जाताना डोळ्यांखालून जायची.

काकांना म्हटलं, वर येऊ नका, सहाही पेपर वॉचमनकडे टाका, मी वाटते. थोडा विचार करून म्हणाले, "दिवाळीपर्यंत टाकतो."